मेलेल्या मुलीचं वाढतं वय

महिन्याच्या पहिल्या रविवारी सकाळी नऊ वाजायच्या आत त्या जिन्यावर पाय ठेवायला जागा उरत नसे. खाली रंगाचं दुकान, वर लांबट सभागृह, आणि मधल्या अरुंद जिन्यावर चपला हातात धरून चढणारी माणसं. प्रत्येकाच्या घरातलं कोणी ना कोणी गेलेलं. कोणाचा नवरा, कोणाची आई, कोणाचं लेकरू. ही सगळी मंडळी त्या गेलेल्यांची आठवण काढायला येत नसत. ते आता केवढे झाले, हे ऐकायला येत.

कारण नादबुवांच्या दरबारात मेलेल्यांचं वय थांबत नसे. लहानपणी गेलेली पोरं तिकडे मोठी होत आणि म्हातारपणी गेलेली माणसं तरुण होत. बुवांनी घरोघरची जुनी रेकॉर्डिंगं गोळा करून त्यांची एक सलग माळ केली होती. ती माळ दर महिन्याला वाजे, आणि दर महिन्याला आवाज थोडा बदललेला असे.

पहिल्या रांगेत टपालखात्यातून निवृत्त झालेले एक आजोबा बसत. त्यांची बायको सत्तरीत गेली; शेवटी शेवटी आवाज फाटलेला, दोन शब्दांनंतर धाप. तिने नातवाला म्हटलेली अंगाई माळेत लागली, की सतरा वर्षांची पोरगी गातेय असं वाटे. आजोबा लाजत. खरंच लाजत, कानाच्या पाळ्या लाल होत. "लग्नाआधी अश्शीच बोलायची," असं शेजाऱ्याला सांगत, आणि शेजारी डोळे पुसत.

"मंडळी," बुवा म्हणत, "देह जातो, कंपन राहतं. आणि कंपनाला वय असतं. विज्ञानसुद्धा आता हेच म्हणतंय." कुठलं विज्ञान, कोण म्हणतंय, कोणत्या पानावर, हे विचारायची तिथे पद्धत नव्हती. बुवा पूर्वी सभा-समारंभांना लाउडस्पीकर पुरवत. अर्धं आयुष्य माइकवर "हॅलो, हॅलो, एक, दोन, तीन" म्हणण्यात गेलेलं, त्यामुळे आवाज लोण्यासारखा झालेला. समोरच्या टेबलावर पांढरं कापड अंथरलेलं असे आणि कापडाखाली लॅपटॉप. तो तिथे आहे हे सगळ्यांना माहीत होतं. बघायचं मात्र कोणालाच नव्हतं.

बुवा कोणाकडे काही मागत नसत. घरातलं मूळ रेकॉर्डिंग तेवढं पुसून टाकायला सांगत. "एक आत्मा दोन घरांत ठेवला, तर ओढाताण होते हो त्याची." लोक इमानदारीत पुसत. मूळ एकदा पुसलं, की माणूस बुवांचा झाला.

आता गंमत अशी, की या दरबारातला पहिला चमत्कार बुवांनी केलाच नव्हता. तो केला होता कातरबाईंनी, आणि तोही दाढदुखीत.

कातरबाईंचं दुकान दोन गल्ल्या सोडून. खोली एवढीशी, भिंतींना जाड फोम, एक काचेची खिडकी. शाळांची संमेलनं, नाचाचे कार्यक्रम, नाटकं यांच्यासाठी गाणी कापून जोडून देणं हा त्यांचा धंदा. पूर्वी त्या ब्लेडने टेप कापत, तेव्हापासून हे नाव पडलं. आता माउसने कापतात, नाव तेच. वय छप्पन्न, जीभ धारदार, आणि एक नियम पक्का: जोडलेलं गाणं पहिल्यापासून शेवटपर्यंत स्वतःच्या कानांनी ऐकल्याशिवाय दुकानाबाहेर जाऊ द्यायचं नाही.

तीस वर्षांत हा नियम त्यांनी एकदाच मोडला. वर्षभरापूर्वी बुवा त्यांच्याकडे अकरा रेकॉर्डिंगं घेऊन आले. गेलेल्या माणसांच्या आठवणींचा कार्यक्रम आहे, सगळी एकामागे एक जोडून द्या म्हणाले. तेव्हा ते नुसते लाउडस्पीकरवालेच होते. कातरबाईंची दाढ ठणकत होती, गाल सुजून पाव झाला होता. नव्या प्रोग्रॅममध्ये त्यांनी पहिलं गाणं घातलं, मग बाकीची दहा ओतली. प्रोग्रॅमने विचारलं, बाकीची गाणी पहिल्याच्या मापात बदलून घेऊ का? बाईंनी एक हात गालावर ठेवून दुसऱ्या हाताने 'नको' दाबलं, डिस्क काढून दिली आणि दाताच्या डॉक्टरकडे पळाल्या.

या 'नको'चा अर्थ साधा होता. मशीन आवाज साठवतं ते तुकड्यातुकड्यांनी. कोणतं मशीन एका सेकंदाचे चव्वेचाळीस हजार शंभर तुकडे करतं, कोणतं अठ्ठेचाळीस हजार, कोणतं बत्तीस हजार. अठ्ठेचाळीस हजारांनी साठवलेलं गाणं चव्वेचाळीसच्या चालीने वाजवलं, तर ते रेंगाळतं आणि आवाज जाडा होतो. बत्तीसवालं वाजवलं, तर ते धावतं आणि आवाज बारीक होतो. यात आत्मा नाही, परमात्मा नाही, एक चुकलेलं बटण आहे.

दुसऱ्या दिवशी दाढ काढून आल्यावर बाईंनी डिस्कची प्रत ऐकली आणि कपाळावर हात मारला. लगेच दुरुस्त करून नवी प्रत बुवांकडे नेली. "माफ करा, माझी चूक झाली. लहान मुलीचा आवाज जाडा झालाय आणि आजीबाईंचा पोरीसारखा."

 बुवा हसले. "राहू द्या हो बाई. काल कार्यक्रमात लोक रडले. त्या मुलीची आई म्हणाली, माझी पोर मोठी झाली. आता कुठे तिला परत लहान करता?"

कातरबाई घरी आल्या आणि मूग गिळून बसल्या. लोक चार दिवस रडतील आणि विसरतील, आपल्याला काय करायचंय, असं त्यांनी स्वतःला समजावलं. बुवा मात्र चार दिवसांत प्रोग्रॅम चालवायला शिकले.

मग एका गुरुवारी दुपारी ती आई दुकानात आली. शिवणकाम करणारी, तिशी ओलांडलेली, बोटांच्या टोकांना सुया टोचून घट्टे पडलेले. सोबत सात वर्षांची धाकटी मुलगी. थोरली तीन वर्षांपूर्वी तापाने गेली, तेव्हा नऊ वर्षांची होती. माळेतली जाड्या आवाजाची मुलगी ती हीच.

"मावशी, एक विचारायचं होतं," शिवणवाली म्हणाली. "बुवा महिन्यातून एकदाच ऐकवतात. तुमच्याकडे मशीन आहे. ती पुढे विशीत कशी बोलेल, ते आत्ता ऐकता येईल का? लग्नाचा ड्रेस शिवायला घेतलाय तिचा. माप कळलं तर बरं पडेल."

"माप?"

"दर महिन्याला एक ड्रेस शिवते मी. आवाज वाढतो तसं माप वाढवते. आत्ता पंधरा वर्षांच्या मुलीचं घेतलंय. छातीत दोन बोटं सोडलीत, अंगाने भरली असेल तर."

 कातरबाई खाली वाकून धाकटीशी बोलू लागल्या. "कितवीत गं तू?" पोरीने वही पुढे केली. तीत लिहिलं होतं: दुसरी. "आणि तोंडाला काय झालं?" पोरीने ओठांवर बोट ठेवलं.

"ती बोलत नाही," आई घाईने म्हणाली. "पाच महिने झाले. बुवांनी सांगितलंय. दोघी एकाच कुशीतल्या, म्हणजे आवाजाचं पाणी एकच. इकडे नळ सोडला, की तिकडे धार बारीक होते. ही बोलली, की थोरलीचं वाढणं थांबतं."

"हे बुवांना एकदम कसं सुचलं?"

शिवणवालीने नजर वळवली. पाच महिन्यांपूर्वी भरल्या सभागृहात, माळ वाजत असताना, ही कार्टी उभी राहून मोठ्याने ओरडली होती: "ही ताई नाही! ताईचा आवाज असा नव्हता!" लोक वळून बघायला लागले. दोघे-तिघे हसलेही. त्याच सभेत बुवांना पाण्याचा आणि नळाचा सिद्धांत सुचला.

"शाळेतून चिठ्ठी आलीय," आई म्हणाली. "हिला वेगळ्या वर्गात घाला म्हणतात. पण येत्या रविवारी एकदाचं सुटेल सगळं. बुवा हिचं आवाजदान करणार आहेत. मग हिला बोलावंसं वाटणारच नाही, जन्मभर."

कातरबाई भडकल्या. खुर्चीवर बसवून त्यांनी तिला सगळं सांगितलं: तुकडे, चाल, चुकलेलं बटण, दाढ. शिवणवालीने शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाली, "मावशी, तुमचं मशीन चुकलं असेल. माझी मुलगी नाही चुकली." आणि धाकटीला ओढत निघून गेली. जाताना पोरगी मागे वळून बघत होती. तिच्या वहीत पुढच्या ओळीवर एकच शब्द होता: खरंच?

तो शब्द बाईंना तीन रात्री झोपू देईना. एक वर्ष आपण गप्प बसलो, त्याची शिक्षा या पोरीला झाली, हे त्यांना आता लख्ख दिसत होतं.

रविवारी त्या लॅपटॉप घेऊन जिना चढल्या. दारातच बुवांना म्हणाल्या, "माझ्या आईचं रेकॉर्डिंग आणलंय. माळेत घ्याल का?" बुवांना आभाळ ठेंगणं झालं. शहरातली एकमेव जाणकार बाई शरण आली होती! त्यांनी तिला थेट टेबलाशेजारी बसवलं आणि माइकवर जाहीर केलं, "ज्यांना यंत्र कळतं, त्यांनाही शेवटी मंत्रच कळून घ्यावा लागतो, मंडळी!" टाळ्या पडल्या. पिशवीतला छोटा रेकॉर्डर कातरबाईंनी केव्हाच सुरू केला होता.

माळ वाजली. आजोबा लाजले. मग थोरलीची पाळी आली. शाळेतलं रेकॉर्डिंग ते. सुरुवातीला बराच वेळ काहीच नाही, नुसता भिंतीवरच्या घड्याळाचा टिक, टिक. ("आत्मा वाट चालतोय," बुवा कुजबुजले. खरं तर पोरगी शब्द विसरली होती.) मग एका पुरुषाचा आवाज, "आठव बाळा, घाबरू नकोस." आणि मग गाणं, संथ, भरदार, पंधरा वर्षांच्या मुलीचं. शिवणवाली मांडीवर गर्द निळा ड्रेस घेऊन डोळे मिटून बसली होती. तिच्या शेजारी धाकटी, ओठांवर बोट ठेवून.

"ये बाळ," गाणं संपल्यावर बुवा धाकटीला म्हणाले, "सांग सगळ्यांना, तू ताईला आवाज देतेस ना? म्हणजे सांगू नकोस. मान हलव."

"बुवा, एक शंका आहे," कातरबाई उभ्या राहिल्या. "मुलगी मोठी झाली, मान्य. पण रेकॉर्डिंगमध्ये तिचे सर आहेत. ते जिवंत आहेत, कालच मला भेटले. त्यांचा आवाज विहिरीतून आल्यासारखा का झाला?"

"सहवास!" बुवा एका क्षणात म्हणाले. "फुलांच्या टोपलीलाही वास लागतो."

"आणि घड्याळ?"

"कसलं घड्याळ?"

"वर्गातलं. टिकटिक ऐकू येते ती. घड्याळाचा ठोका सेकंदाला एक. इथे तो रेंगाळतोय. मेलेल्या मुलीबरोबर घड्याळही म्हातारं झालं की काय?"

मागच्या रांगेत कोणीतरी खुसखुसलं. बुवांनी हात वर केला. "अहो बाई, वरच्या लोकात काळच संथ चालतो. एवढं साधं तुम्हाला कळू नये?"

"अस्सं. मग या आजोबांच्या पत्नीची अंगाई धावत का सुटते? वर दोन घड्याळं आहेत का, एक बायकांचं आणि एक मुलींचं?"

आता हसू मोठं झालं.  बुवांनी सभा संपवायला हात जोडले, पण टपालवाले आजोबाच उठले. "लावा की बुवा पुन्हा. मोजू दे तिला. खऱ्याला कसली भीती?" बिचारे मनापासून बोलले. भक्तानेच बुवांचा दोर कापला.

कातरबाईंनी दारावरच्या घड्याळाकडे बोट दाखवलं. "तो सेकंदाचा काटा बारावर आला, की लावा. आणि तू," त्या धाकटीला म्हणाल्या, "ठोके मोज. तुझ्याइतके चांगले कान इथे कोणाचेच नाहीत."

पोरीने आईकडे पाहिलं. आईने जोरात मान हलवली, नाही. काटा बारावर आला. टिक. पोरीने एक बोट उघडलं. टिक. दुसरं. पाच झाली, दुसऱ्या हाताची दोन झाली, आणि मग ओठ हलायला लागले.

"आठ," धाकटी म्हणाली.

पाच महिने न वापरलेला आवाज, गंजलेल्या बिजागरीसारखा.  आई किंचाळली, "बोलू नकोस! थांबेल ती!" आणि पोरीच्या तोंडावर हात दाबायला धावली. कातरबाईंनी मध्ये स्वतःचा हात घातला, तो नखांनी ओरबाडून निघाला. पोरगी मोजत राहिली. अकरा, बारा, तेरा, रडत, पण एकही ठोका न चुकवता. "एकोणीस, वीस!" आणि सरांचा आवाज आला, आणि गाणं सुरू झालं, मघाइतकंच भरदार. धार बारीक झाली नाही. थांबलं नाही काहीच.

दारावरच्या घड्याळात पंचवीस सेकंद झाले होते.

"वीस ठोक्यांना पंचवीस सेकंद," कातरबाई म्हणाल्या. "ते घड्याळ अजून वर्गात आहे आणि बरोबर चालतंय. मी काल शाळेत जाऊन पाहून आले. गाणं शंभराऐवजी ऐंशीच्या चालीने वाजतंय, बस. आता हे ऐका." त्यांनी धाकटीचं आत्ताच टिपलेलं मोजणं आपल्या लॅपटॉपमध्ये घेतलं, त्याला लाउडस्पीकरची वायर लावली आणि चाल ऐंशीवर आणली. आठ, नऊ, दहा. सात वर्षांची पोरगी समोर नाक पुसत उभी होती आणि लाउडस्पीकरमधून तिचा मोठ्या मुलीसारखा आवाज येत होता. आवाज हुबेहूब थोरलीचा. म्हणजे शिवणवाली वर्षभर जिला थोरली समजत होती, तिचा. बहिणीच त्या.

"आता बुवांचं वय कमी करते." दारापासून टिपलेलं बुवांचं बोलणं त्यांनी दीडशेच्या चालीने सोडलं. "देह जातो, कंपन राहतं," पिपाणीसारखा आवाज चिरकला, "विज्ञानसुद्धा आता हेच म्हणतंय!" सगळं सभागृह फुटलं. माणसं पोट धरून हसली. ज्यांनी वर्षभर पाय धरले होते, तीच सगळ्यात जास्त हसली, आणि ते हसू ऐकायला काही बरं नव्हतं.

एकटी शिवणवाली हसत नव्हती. ती टेबलाशी गेली आणि तिने पांढरं कापड ओढलं. लॅपटॉपच्या पडद्यावर यादी होती. प्रत्येक मेलेल्या माणसापुढे महिने, आणि महिन्यापुढे आकडे. थोरलीच्या ओळीत ब्याण्णव, एक्क्याण्णव, नव्वद, असं उतरत उतरत ऐंशी. त्याच्यापुढे न आलेल्या महिन्यांचेही आकडे भरून ठेवलेले होते, थेट साठपर्यंत.

"पुढल्या वर्षीचं माप तुम्ही आधीच घेऊन ठेवलंत?" तिने विचारलं.

"ताई, तुमच्या समाधानासाठीच..." बुवा म्हणाले. लोण्यासारखा आवाज कुठच्या कुठे गेला होता. त्यांनी लॅपटॉप बगलेत मारला, पण जिन्यात लोक उभे होते. दुपारपर्यंत सगळ्यांची रेकॉर्डिंगं त्यांच्याकडून काढून घेतली गेली, आणि संध्याकाळच्या आत त्यांना पळता भुई थोडी झाली.

शिवणवाली मात्र बुवांकडे बघतही नव्हती. ती कातरबाईंसमोर येऊन उभी राहिली. "पहिली चूक तुमची होती ना? गुरुवारी म्हणालात."

"हो."

"दुसऱ्याच दिवशी कळली होती?"

"हो."

"मग माझ्याकडे का नाही आलात? त्याच आठवड्यात आल्या असतात, तर मी एवढी वाढवली नसती तिला. एकदा पुरली होती मी. आता पंधरा वर्षांची करून पुन्हा पुरायला लावलीत." तिने निळा ड्रेस बाईंच्या अंगावर फेकला. "बुवा निदान गोड बोलत होता."

तिचं बरोबरच होतं. बुवा लबाड होता, तो लबाडीच करणार. पण बटण चुकलंय हे ज्या बाईला ठाऊक होतं, ती वर्षभर गप्प बसली; आणि ज्या पोरीला नुसतं कानांनी कळलं होतं, ती एकटी उभी राहून बोलली, तर तिचंच तोंड बांधलं गेलं. चमत्कार असा उभा राहतो. बुवाचा मंत्र त्यात रुपयात चार आणे असतो. बाकीचे बारा आणे जाणत्यांचं मौन. म्हणून हात जोडण्याआधी घड्याळ बघा. मोजता येतं ते मोजा. मूळ प्रत कोणी पुसायला सांगितली, तर तिथूनच उठा. आणि तुम्हाला कळलं असेल, तर त्याच आठवड्यात जाऊन सांगा, दाढ दुखत असली तरी.

बुवांकडून सुटलेली रेकॉर्डिंगं कातरबाईंनी एकेक करून दुरुस्त केली. टपालवाले आजोबा आले, आणि टेबलावरची प्रत बघून म्हणाले, "मला सगळं पटलंय हो. पण ही तुमच्याकडेच राहू द्या." सत्तर वर्षांच्या, धापा टाकणाऱ्या बायकोची ती प्रत अजून दुकानात पडून आहे.

शिवणवाली महिन्याभराने आली. बोलली नाही, नुसती खुर्चीवर बसली. धाकटी मात्र दारापासूनच बडबडत होती, शाळा, बाई, पेन्सिल, मांजर, पाच महिन्यांचं साठलेलं. बाईंनी थोरलीचं रेकॉर्डिंग लावलं. वीस ठोके त्यांनी वीस सेकंदांत बसवले होते, एकेक ठोका मोजून. टिक, टिक. "आठव बाळा, घाबरू नकोस," सरांचा साधा, रोजचा आवाज. आणि मग एक लहान, पातळ, जरा कापणारा आवाज गायला लागला.

शिवणवाली पदर तोंडात कोंबून ऐकत राहिली. गाणं संपलं. खोलीत फोम असल्यामुळे बाहेरचं काही ऐकू येत नव्हतं.

"ताई एवढीशीच होती?" धाकटीने विचारलं.

"हो."

पोरगी बोटांवर काहीतरी मोजत होती. "म्हणजे आई, अजून तीन वर्षांनी मी ताईपेक्षा मोठी होणार."

शिवणवालीने तिच्याकडे पाहिलं. बऱ्याच महिन्यांनी नीट पाहिलं, खांद्यापासून गुडघ्यापर्यंत, माप घेताना पाहतात तसं.

"हो," ती म्हणाली. "होशील."